डोकं पाण्याकडे

मी बोलतोय, पण आवाजाच्या दिशेनं बघू नका, दिसणार नाही. माझ्यासारखे अब्जावधी भाताच्या एका दाण्यात राहतात. माझं नाव फॉस्फोलिपिड. अवघड आहे हे मान्य, पण ते काही मी ठेवलेलं नाही.

माझी अंगकाठी मात्र साधी आहे. एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाण्याचं वेड आणि शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. असला स्वभाव घेऊन एकट्यानं राहणं कठीण, म्हणून आम्ही घोळक्यानं राहतो. पाण्यात पडलो की कुणी न सांगता दोन रांगा करतो. एका रांगेची डोकी बाहेरच्या पाण्याकडे, दुसरीची आतल्या पाण्याकडे आणि सगळ्या शेपट्या मधल्या कोरड्यात. या दुहेरी रांगेला पेशीपटल म्हणतात. आत काय ठेवायचं आणि बाहेर काय जाऊ द्यायचं, ते या कुंपणावर ठरतं.

रांगेत आम्ही सारखे सरकत असतो, शेजारी बदलत राहतात. समोरच्या रांगेत जाणं मात्र जवळजवळ अशक्य, कारण डोकं त्या कोरड्यातून न्यावं लागतं. माझ्या समोर जो होता, त्याच्या शेपट्यांची टोकं मला लागायची. त्याचं तोंड मी कधीच पाहिलं नाही.

माझा जन्म कर्जतच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीत झाला. जयवंता नावाच्या बाईच्या उतारावरच्या तुकड्यात. तिच्या वाणाला धड नावही नव्हतं, वाडीत नुसतं ‘वासाचं भात’ म्हणायचे. बाकी सगळे पाकिटातल्या बियाण्याकडे वळले, तरी ती दर वर्षी हेच पेरायची.

दाणा पिकला तसं पाणी निघून गेलं. जाताना जागा रिकामी राहिली नाही, आमच्या डोक्यांच्या मधे साखर येऊन बसली. कुणाची तरी जागा धरून ठेवावी तशी. जयवंतानं दोन मुठी बी राखेत घोळवलं, तुंब्यात म्हणजे वाळलेल्या भोपळ्यात भरलं, तोंडाला चिंधीचा बोळा लावला आणि तुंबा चुलीवरच्या वाशाला टांगला. पुढच्याच उन्हाळ्यात ती वारली. चूल पेटायची थांबली.

चार वर्षं मी तिथे लोंबकळत होतो. त्या चार वर्षांत मला एकच गोष्ट हवी होती, पाणी. काही शेजाऱ्यांच्या शेपट्या खवट झाल्या.

मग झोपडी उतरवून स्लॅबचं घर बांधायचं ठरलं, तेव्हा जयवंताचा जावई रोहिदास तुंबा दहिवलीला आपल्या घरी घेऊन आला. तो चौक गावातल्या एका गॅरेजात काम करतो. त्याची बायको सुनिता, जयवंताची एकुलती एक लेक. तिनं बोळा काढला आणि नाक आत घातलं. आत राख आणि काजळी.

“आयच्या भाताचा वास कसा हुता, त्येच ईसरले मी,” ती म्हणाली.

“मंग पेर की,” रोहिदास म्हणाला. “पाकिटावं लिवतात तसंच. दिसभर बादलीत भिजव, मंग गोणपाटात बांद.”

तिनं एक मूठ तशीच भिजवली. मी दुसऱ्या मुठीत होतो, म्हणून हे सांगायला उरलो. चार वर्षांच्या कोरड्यावर पाणी एकदम आलं आणि आमच्या लोकांना रांग लावायला सवडच मिळाली नाही. कुंपणाला भगदाडं राहिली. दाण्याच्या पोटातली साखर, क्षार सगळं बाहेर वाहून गेलं. दुसऱ्या दिवशी बादलीतल्या पाण्याला आंबूस वास येत होता आणि पाच दिवसांनी गोणपाटात एकही कोंब नव्हता.

सुनिता उरलेली मूठ ओंजळीत घेऊन उंबऱ्यावर बसून राहिली. तिनं वाडीवरून आईच्या ओळखीतल्या जाणत्या आवडीमावशीला बोलावून घेतलं. मावशीनं बादलीची हकिकत ऐकून घेतली.

“पाकिटाचं बी येगळं, ह्ये येगळं गं. चार वरसं उपाशी हाय त्ये. उपाशी मानसाला आदी पेज देतात, भरलं ताट नाय वाढत.”

“आय असंच करायची?”

“तुजी आय माज्याकडनंच शिकली.”

मावशीनं बी फडक्यात सैल बांधलं. हंड्यात अर्धं पाणी घेतलं, पुरचुंडी पाण्याला लागणार नाही अशी आत टांगली आणि वर झाकण ठेवलं. दोन दिवस विस्तव नाही, नुसती पाण्यावरची दमट हवा. साखर एकेक करून उठली. माझ्या डोक्याला ओल लागली तेव्हा काय वाटलं, ते मला नीट सांगता येत नाही. चार वर्षांनी कुणीतरी नावानं हाक मारली असं वाटलं. तिसऱ्या दिवशी आम्हाला कोमट पाण्यात सोडलं, तोवर बऱ्याच दाण्यांत रांगा लागल्या होत्या.

त्या मुठीतून नऊ कोंब आले. नऊच, पण सुनितानं ते दारातल्या जुन्या टबात चिखल करून लावले.

माझा दाणा त्या नवांत नव्हता. आम्ही रांग लावली, पण खवट झालेल्यांच्या जागा भरून निघाल्या नाहीत. न उगवलेले दाणे सुनितानं कोंबड्यांना टाकले नाहीत. तिनं एक दातात धरून सोलला आणि सावकाश चावला. तो माझा होता. तिच्या पोटात माझी एक शेपटी काढली गेली आणि पुढे परत जोडली गेली. रक्तातून फिरत फिरत मी तिच्या नाकाच्या आत, अगदी वर, वास ओळखणाऱ्या एका पेशीच्या पटलात उभा राहिलो. डोकं पाण्याकडे, शेपट्या कोरड्यात. माणसाच्या अंगातही तीच रीत आहे. समोरच्या रांगेत कोण आहे, ते इथेही माहीत नाही.

ती रोज टबाशी जाऊन वाकायची. मीही तिच्यासोबत वाट पाहायचो, कारण त्या नऊ रोपांत माझेच भाऊबंद होते. काल सकाळी दहाच्या सुमाराला भाताची फुलं उघडली. सुनिता वाकली आणि वास आला. तो आमच्याच कुंपणावर येऊन थडकला, म्हणजे तिच्याआधी क्षणभर मला कळला. ती डोळे मिटून तशीच वाकलेली राहिली.

“आये,” ती म्हणाली.

तुमच्याकडे असा एखादा तुंबा कुठे टांगलेला असेल, तर तो खाली काढा. फक्त पाणी हळूहळू द्या. आम्हाला रांगेत उभं राहायला थोडा वेळ लागतो.