पार्टिशनपलीकडची भागी

डी.एड.च्या वार्षिक पाठाला वर्ग सजवतात हे मला ठाऊक होतं. मुलंही निवडून आणतात, हे पंचवटीतल्या त्या शाळेत गेल्यावर कळलं. बाहेरून परीक्षक येणार म्हटलं की शेजारच्या तुकडीतली चुणचुणीत मुलं आणून पुढच्या बाकांवर बसवायची आणि ज्यांना पटकन उत्तर येत नाही त्यांना लाकडी पार्टिशनच्या पलीकडे धाडायचं. पाहुणे आले की फाटकी गादी माळ्यावर टाकतात, तसं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे, आणि हेच लोक आम्हाला बालमानसशास्त्र शिकवायचे!

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात योगिनी आणि मी, आम्हा दोघींना त्या शाळेतली तिसरी मिळाली. योगिनी सटाण्याकडची. कॉलेजात पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून 'आहे'च्या जागी अहिराणीतलं 'शे' निघालं आणि सगळा वर्ग खो-खो हसला. तेव्हापासून ती प्रत्येक वाक्य आधी मनात घोळवून मगच बोलायची. मला तिचा कधीकधी रागच यायचा. एवढं काय भ्यायचं?

तिसरीत भागी नावाची मुलगी होती. पेठकडच्या डोंगरातली. बाप मंगळू मखमलाबाद नाक्याजवळच्या नव्या बिल्डिंगवर वॉचमन. शाळेत आली त्या दिवशी ती आपल्या गावच्या बोलीत बोलली, पोरांनी तिच्या नकला केल्या, आणि तिनं तोंडच मिटलं. हजेरीलाही नुसता हात वर. "मुकी आहे हो ती," वर्गाच्या बाईंनी आम्हाला सांगून टाकलं.

मधल्या सुट्टीत योगिनी तिच्याशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "तुनं नाव काय शे?"

आजूबाजूची पोरं फिदीफिदी हसली. योगिनीही हसली. "हसा रे. मनी भाषा शे ही, माझी." कॉलेजात जिच्या तोंडून शब्द फुटत नसे, ती ही! मी बघतच राहिले. भागीही बघत राहिली. चार-आठ दिवसांनी ती योगिनीच्या कानाशी लागून कुजबुजायला लागली. आवाज वर्गाला कधी ऐकू आला नाही, पण प्रत्येक वेळी योगिनी मोठ्यानं म्हणायची, "शाब्बास, भागी!"

वार्षिक पाठाला योगिनीनं 'आपल्या जिल्ह्यातल्या नद्या' हा धडा घेतला, तोही भागीसाठीच. त्यातला एक प्रश्न तिच्यासाठी राखून ठेवला होता. आदल्या दिवशी तिला जवळ घेऊन सांगितलं, "उद्या मी विचारलं की भ्यायचं नाही. उभं राहायचं आणि मोठ्यानं सांगायचं. सांगशील ना?" भागीनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती तेल चोपडून, लाल रिबिनी बांधून आली. मंगळूनं शाळेच्या फाटकात योगिनीला हात जोडले. "बाई, पोर रातभर नदीचंच नाव घेत व्हती."

आणि मुख्याध्यापकांनी तिला उठवलं.

"सर, भागी राहू द्या. तिला येतं," योगिनी म्हणाली.

"बाई, परीक्षकांसमोर मुकी पोर उभी करणार? मार्क गेले तर नोकरीला मुकाल. शाळेचंही नाव आहे काही."

योगिनीचे वडील गेलेले, पाठची दोन भावंडं शिकायची. तिचे डोळे भरून आले, पण परीक्षक दारात आले होते. भागीला समजवायलाही वेळ मिळाला नाही.

पलीकडं काढलेल्या मुलांना सांभाळायला मी होते. पार्टिशन कसलं, चार फळ्या! योगिनीचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. भागी त्या फळ्यांकडं तोंड करून ताठ बसली होती. मी पाटी दिली, तिनं घेतली नाही.

तो प्रश्न पाठाच्या टाचणात लिहिलेला होता आणि टाचण परीक्षकांच्या हातात. योगिनीला तो गाळता येईना. "पेठ तालुक्यातून पश्चिमेकडं वाहत जाणारी नदी कोणती?"

पलीकडच्या हुशार मुलांपैकी एकालाही येईना.

भागी उभी राहिली. "दमणगंगा!" ती ओरडली. "दमणगंगा, बाई! आमचे गावाखालून जाते!"

किती खणखणीत आवाज होता तिचा! पलीकडं पोरं हसली. भागीला त्याचं काही नव्हतं. ती फळ्यांकडं बघत 'शाब्बास'ची वाट पाहत होती.

"शेजारी कोणता वर्ग आहे?" परीक्षकांचा आवाज आला.

"पहिलीचा, साहेब. लहान पोरं आहेत," मुख्याध्यापक म्हणाले.

योगिनीचा आवाज आलाच नाही. मग खडू फळ्यावर चालू लागला.

मुख्याध्यापक आमच्याकडं आले ते लाल होऊन. ओरडता येत नव्हतं म्हणून दातओठ खात पुटपुटले, "हाताची घडी, तोंडावर बोट! बोलशील पुन्हा?" मी मध्ये पडले, "सर, तिचं उत्तर बरोबर—" त्यांनी मलाही हातानं गप्प केलं. भागी खाली बसली. तिनं बोट ओठांवर ठेवलं.

पाठ छान झाला. परीक्षकांनी योगिनीची स्तुती केली, फक्त शेजारचा वर्ग जरा शांत हवा होता म्हणाले. ते जाताच योगिनी धावत आमच्या बाजूला आली आणि भागीसमोर गुडघ्यांवर बसली.

"शाब्बास, भागी! मी ऐकलं गं. सगळं ऐकलं. पुन्हा एकदा सांग ना, कोणती नदी?"

भागीचं बोट ओठांवरच होतं.

"मनं चुकनं, भागी. बोल ना!" योगिनी रडायला लागली. तिनं ते इवलंसं बोट धरून हळूच खाली घेतलं, दोन्ही हातांत दाबून ठेवलं. घंटा झाली, मुलं दप्तरं घेऊन उठली, तसा तिनं भागीचा हात सोडला.

बोट पुन्हा ओठांवर गेलं.