दोन कानांमागे दोन थेंब

सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. रविवारी जुन्या मैत्रिणींचा मेळावा होता आणि केसांची मुळं बोटभर पांढरी दिसत होती. गुरुवारी सकाळीच त्या सुनेच्या पार्लरमध्ये येऊन थेट खुर्चीत बसल्या.

डाय अंगाला सोसतो का हे पाहायला सुनेने त्याचा एक थेंब त्यांच्या उजव्या कानामागे लावला आणि अठ्ठेचाळीस तास थांबायला सांगितलं. सासूबाईंचा पारा चढला. वीस वर्षं केस रंगवतेय, मला कसली परीक्षा, असं त्यांचं म्हणणं.

"आई, गिऱ्हाइकांना जो नियम तोच तुम्हाला," सून म्हणाली. "घरच्या माणसाला सूट दिली आणि काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

सासूबाई पर्स काखोटीला मारून तडक समोरच्या सलूनमध्ये गेल्या. तिथला मालक आणि सून यांच्यातून विस्तव जात नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं, की एकदा त्याच्या हातून एका बाईचे डोळे सुजून बंद झाले होते. तेव्हापासून तोही तपासल्याशिवाय रंग लावत नाही. मग त्याने आपल्याकडचा थेंब डाव्या कानामागे लावला.

शनिवारी सकाळी दोन्ही कान लालबुंद, टम्म फुगलेले. मुलाने हसू चहाच्या कपात लपवलं. सून मात्र हसली नाही. तिने रिक्षा बोलावली आणि त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

मागच्या वेळी काही त्रास झाला होता का, असं डॉक्टरांनी विचारताच सासूबाई भिंतीवरचा तक्ता वाचू लागल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "चार दिवस डोकं खाजत होतं. मला वाटलं, कोंडा असेल."

डॉक्टरांनी समजावलं, की वर्षानुवर्षं चाललेला रंगही अंगाला कधी चालेनासा होईल, याचा नेम नसतो. थेंबाने एवढं केलं. डोकंभर लावला असता तर चेहरा सुजला असता, श्वासही अडला असता. असला डाय आता कायमचा बंद.

परतताना सासूबाईंनी रिक्षाच्या आरशात डोकं न्याहाळलं. मग त्यांनी विचारलं, "आता असं अर्धं काळं, अर्धं पांढरं डोकं घेऊन जाऊ?"

"काळं सगळं कापून टाकू. चालेल?"

सासूबाईंनी मान डोलावली. दुपारी सुनेने सुजलेल्या कानांना धक्का न लावता एकेक बट उतरवली. आरशात एक ऐटबाज, रुपेरी केसांची बाई दिसू लागली. मेळाव्यात पहिली पाच मिनिटं त्यांना कुणी ओळखलंच नाही. नंतर फोटोत प्रत्येकीला त्यांच्याच शेजारी उभं राहायचं होतं.

सोमवारी त्या सुनेचा हात धरून समोरच्या सलूनमध्ये आभार मानायला गेल्या. मालकाने त्यांच्याभोवती एक चक्कर मारली आणि सुनेकडे पाहिलं.

"मागून अजून सूतभर कमी चाललं असतं," तो म्हणाला. "पण हात चांगला आहे तुमचा."

सून हसली. सहा वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलला होता.