पाय ताठतात का?

मोठ्या बाईंच्या कारखान्यात दोघांचाच शब्द चाले. एक त्यांचा स्वतःचा आणि दुसरा कात्रीचा. कात्री सुनेच्या हातात होती.

तिथे गणवेश शिवले जात. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वर मापाचा पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने रेघ आखायची आणि विजेच्या कटरने सगळे थर एका दमात कापायचे. हे काम बसून होत नाही. शिवणाऱ्या बायका सुनेला ‘मास्तर’ म्हणत, आणि मोठ्या बाईंना त्या हाकेचा स्वतःच्या मानापेक्षा अधिक अभिमान होता, जरी त्यांनी तो कधी तोंडाने कबूल केला नव्हता.

त्या दिवशी भरल्या कारखान्यात मास्तर पडल्या. उजवा गुडघा एकाएकी दुमडला, कटर भलतीकडे सरकला आणि कापडाच्या साऱ्या थरांतून तिरपी चीर गेली. बोटे वाचली ती नशिबाने.

“झोप येते हो त्यांना हल्ली,” बटणे लावणारी बाई हळूच म्हणाली. “काल तर उभ्याउभ्याच डुलकी लागली.”

“तुझी बटणं लाव तू!” मोठ्या बाई कडाडल्या, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती ती बटणवालीमुळे नव्हे, डॉक्टरमुळे. सुनेला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. मेंदूचा हुकूम पायांपर्यंत पोचवणाऱ्या नसांची आवरणे जागोजागी विरली होती. आजाराचे नवे झटके येऊ नयेत म्हणून काही महिन्यांनी एकदा इस्पितळात सलाईनमधून औषध चढत असे, आणि त्याने वर्षभर एकही नवा झटका आला नव्हता. पायांच्या ताठरपणासाठी वेगळी गोळी होती. मागच्या भेटीत डॉक्टरांनी तीच गोळी हळूहळू दुप्पट करायला सांगितली होती. आजचा पराक्रम त्या दुप्पट गोळीचा, याबद्दल मोठ्या बाईंच्या मनात तीळमात्र शंका नव्हती.

“बंद करून टाकू सगळी औषधं,” धावत आलेला मोठ्या बाईंचा मुलगा बायकोकडे बघत म्हणाला. “नाहीतरी फरक कुठे पडलाय? पाय होते तसेच आहेत.”

“सलाईन पायांसाठी नाही,” सून जमिनीवरूनच म्हणाली. “आहे त्याहून वाईट होऊ नये म्हणून आहे. किती वेळा सांगू? आणि गोळीही एकदम तोडायची नसते. मला आधी उठव, मग डॉक्टरकी कर.”

मोठ्या बाईंनी पदर खोचला. “गाडी काढ. त्या शहाण्याला मी विचारते.”

डॉक्टरांच्या खोलीत सुनेची चाकाची खुर्ची टेबलाच्या कडेला लावली गेली आणि तिच्या डोक्यावरून बोलणे सुरू झाले.

“मग, कशा आहेत या?” डॉक्टरांनी मुलाला विचारले.

“कशा आहेत?” मोठ्या बाई उसळल्या. “चांगली उभी राहणारी मुलगी तुम्ही आडवी केलीत! पायांत जीव म्हणून ठेवला नाहीत तिच्या. धुतल्या कापडासारखे लोंबताहेत. ही तुमची विद्या?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “आजी, मागच्या वेळी मी विचारलं होतं, पाय ताठतात का. उत्तर मिळालं, दिवसभर लाकडासारखे ताठ असतात, काहीतरी जालीम द्या. म्हणून गोळी वाढवली.”

“डॉक्टर, मी बोलू का?” सून म्हणाली.

“अगं, थांब, मी सांगते ना त्यांना...”

“नाही, आई. पाय माझे आहेत.”

सुनेने दोन्ही हात टेबलावर रोवले आणि ती कष्टाने उभी राहिली. उजवा गुडघा लटपटत होता.

“बघा. या पायात जोर नाही, कधीपासूनच नाही. पण तो ताठायचा, आणि त्या ताठपणावर भार टाकून मी कटर चालवायची. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, तेव्हा तो ताठपणा जीव घेतो. दिवसा मात्र मला तो हवा असतो. तुम्ही तो दिवसाही काढून घेतलात.”

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. “हे मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही कुणाला विचारलंत?” मोठ्या बाई गरजल्या.

“तुम्हाला विचारलं, आई,” सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. “आणि तुम्ही उत्तर दिलंत. मी तोंड उघडेपर्यंत चिठ्ठी लिहून झाली होती. माझ्याशी कुणी बोलतच नाही. आजार पायांना झालाय. जिभेला नाही.”

मोठ्या बाईंना आयुष्यात कोणी असे बोलले नव्हते. त्यांचे कान तापले. रागाने एक शब्द ओठांवर आणला; परंतु तो कुणाच्या अंगावर टाकावा, हेच त्यांना उमगेना.

डॉक्टर पुन्हा खुर्चीत बसलेल्या सुनेकडे वळले. सकाळ-दुपारची गोळी पायरीपायरीने कमी करायची, झोपतानाची ठेवायची, आणि पायात जोर येण्यासाठी व्यायाम सुरू करायचा. तोवर कटरला हात लावायचा नाही. “बाकी काही त्रास? लघवीची घाई?”

सुनेने सासूकडे आणि नवऱ्याकडे पाहिले. “तुम्ही दोघं बाहेर बसा.”

बाहेरच्या बाकावर मोठ्या बाई ताठ बसल्या. मुलगा म्हणाला, “आत इतका वेळ काय बोलत असतील?”

“तुला नसत्या चौकशा हव्यात कशाला?” त्या डाफरल्या. दार बराच वेळ बंद राहिले. परतताना गाडीत सुनेने आपण होऊन एवढेच सांगितले, की उकाडा वाढला की तिच्या डोळ्यांपुढे रेघा पुसट होतात.

पुढचे काही आठवडे कटिंग बाहेरून करून घेतले आणि ते मोठ्या बाईंना पसंत पडले नाही. मग दिवसाची गोळी उतरली, व्यायामाने पायात थोडा जोर आला, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर एके सकाळी मास्तर काठी टेकत टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, “थर घाला.”

मोठ्या बाई थेट इस्त्रीवाल्यावर चालून गेल्या. “तुझं बस्तान उचल. बाहेर ओसरीत जा.”

“बाई, मी इतकी वर्षं इथंच...”

“इतकी वर्षं आम्ही मूर्ख होतो! वाफेनं खोलीची भट्टी केलीस. उचल!”

इस्त्र्या हलल्या, खिडक्या उघडल्या. सुनेने उजवा गुडघा आपल्या पद्धतीने मागे रेटून पक्का केला. तो टिकला. तिने कटर सुरू केला. मोठ्या बाई जवळ सरकल्या, हात पुढे करून, पडलीच तर धरायला.

“आई,” सून मान वर न करता म्हणाली, “उजेडातून बाजूला व्हा. रेघ दिसत नाही.”

“आमच्याच कारखान्यात आम्हीच बाजूला व्हायचं!” असे पुटपुटत त्या बाजूला झाल्या. कटर रेघेवरून सरळ पुढे गेला.