ओरखडा की चीर

“रेघ दिसली की हात आवर. आधी रॉकेल, मग खडू, मग दहा मिनिटं गप्प बस. पॉलिशला त्यानंतर हात लावायचा.”

उस्तादांचा आवाज इतक्या वर्षांनी कानात असा उमटला, की काकांनी चाकं घासायचं बफचं मशीन बंद केलं आणि हातातलं चाक तसंच धरून उभे राहिले. नर्सबाईंची गाडी जाऊन तास झाला होता. तिच्या पुढच्या उजव्या चाकावर, एका आऱ्याच्या मुळाशी, नखाएवढी रेघ होती हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. ती घासून काढल्याचं आठवत होतं. “नुसता ओरखडा होता, निर्धास्त जा,” असं बाईंना सांगितल्याचंही आठवत होतं. मधला खडू तेवढा आठवेना.

अलॉयची चाकं घासून चकचकीत करायची, हेच काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. त्यांनी केलेल्या चाकात बघून भांग पाडावा, म्हणून सगळे त्यांना आरसेवाले काका म्हणत. नर्सबाईंच्या गाडीपुढच्या ट्रकमधून लोखंडाचा तुकडा पडला होता आणि तो चाकावर आदळून गेला होता. चाकावर मांजराने बोचकारावं तसे ओरखडे होते. ओरखड्याचं काय, घासला की संपला. पण चीर असेल तर घासताना मऊ धातू तिच्या तोंडावर सारवल्यासारखा बसतो. वरून आरसा, आत चीर तशीच. मग एखाद्या खड्ड्यात चाक उकलतं. म्हणून आधी रेघेवर रॉकेल सोडायचं, पुसायचं आणि वरून खडू फासायचा. चीर असली तर आत मुरलेलं रॉकेल पांढऱ्यावर बारीक काळपट रेघ काढतं.

शेजारी टायर बसवणारा होता. हवा भरतो म्हणून त्याचं नाव हवालदार पडलं होतं.

“काय रे, नर्सबाईंच्या चाकाला मी खडू लावला होता का?”

“मला काय विचारतोस? चाक तुझं, खडू तुझा.”

“सांग ना लेका.”

“परवा डबा खाल्ला की नाही, तेही मलाच विचारलंस. उद्या विचारशील, माझं लग्न झालंय का.”

“थट्टा नको रे.”

हवालदाराने मान वर केली, काकांचा चेहरा बघितला आणि हातातला पाना खाली ठेवला. “लावलास की! चाक भिंतीला टेकवून समोर उकिडवा बसला होतास. मी म्हटलंसुद्धा, बगळ्यासारखा काय बसलायस, चाकातून मासा येणार आहे का?”

बगळा म्हटल्याबरोबर काकांना आठवलं. खरंच की! पांढरं चाक, गुडघ्यांवरचे हात, हवालदाराचं हसणं. जीव भांड्यात पडला. रोज करायचं काम असं विसरायला होतं, म्हणजे वय झालं, एवढंच म्हणत ते घरी आले.

घरी बायको खिडकीशी काज-बटणं करत बसली होती. शिंप्याकडचे शर्ट तिच्याकडे यायचे. तिला लांबची माणसं ओळखू येत नसत, पण जवळची सुई ती बोलता बोलता ओवायची. काकांनी स्वतःच चहा टाकला आणि आपला पांढरा कप घेतला.

“अहो, तो कप नको. चीर गेलीय त्याला.”

“कुठे?”

“कुठे काय, समोर! कानापासून पार खालपर्यंत.”

काकांनी कप फिरवून बघितला. पांढरा होता. खिडकीशी नेला. पांढराच होता. मग त्यांनी त्यावरून हळूच नख फिरवलं. एका जागी नख अडकलं.

“आज गेली का गं?”

“महिना झाला. मला वाटलं, आवडता म्हणून मुद्दाम घेता.”

चहा गाळायचा राहिला. काका खुर्चीत बसले. दहा मिनिटं आपण पांढऱ्या चाकासमोर बसलो होतो, हे खरं. रेघ उठलेली दिसली नाही, हेही खरं. पण उठलीच नाही, की उठली आणि दिसली नाही? चमकत्या धातूवर दिवा तिरका धरला की ओरखडा अजून दिसतो. पण पांढऱ्यावरची बारीक रेघ? कप हातात होता आणि उत्तर मिळत नव्हतं. चाकात काही नसलं तर उगाच बोंब होणार. आरसेवाल्याला दिसत नाही म्हटल्यावर उद्यापासून चाक कोण देणार? आणि असलं तर? महिनाभरात आणखी किती चाकं गेली? ते आठवू लागले तर चाकं एकमेकांत मिसळायला लागली.

“अहो, काय झालंय?” बायकोने दोनदा विचारलं.

“कळत नाहीये,” ते म्हणाले, आणि नर्सबाईंना फोन लावला.

“बाई, आरसेवाला बोलतोय. गाडी बाहेर काढू नका.”

“आज नाहीच काढत काका, सकाळी निघतोय. बाबांना गावी सोडायचंय, डोंगरातला रस्ता आहे. का हो?”

“त्या चाकाचं जरा...”

“तुम्हीच म्हणालात ना, निर्धास्त जा?”

“म्हणालो.”

“मग चाक खराब आहे का?”

“तसंही नाही सांगता येत.”

“म्हणजे चांगलं आहे?”

“तेही नाही सांगता येत.”

“काका, मला काहीच कळत नाहीये.”

“मलाही नाही बाई. पुढून आता काही दिसायचं नाही, मी पॉलिश करून टाकलंय. मागच्या बाजूला पॉलिश लागलेलं नाही, तिथून बघता येईल. सहाच्या आत येतो. मी येईपर्यंत गाडीला चावी लावू नका.”

“बाबा पाचपासून बूट घालून बसतील हो. साडेसहापर्यंत थांबवते. याल ना नक्की?”

“येतो. शब्द देतो.”

सकाळी बायकोला जाग आली तेव्हा काका अंघोळ करून तयार होते. देवापुढे हात जोडून झाले होते. पिशवीत रॉकेलची बाटली, खडूची पूड, ब्रश, फडकी. त्यांनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेले आणि परत आले.

“अगं, तूही चल.”

“मी? मला मेलीला चाकातलं काय कळतंय?”

“कळायला नको. पांढऱ्यावर काळी रेघ उठली तर सांगायचं. केसाएवढी असली तरी.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते पिशवीच्या बंदाला गाठ मारत होते. आधीच मारलेल्या गाठीवर दुसरी.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“काय माहीत. मला वाटायचं, दिवे मंद झालेत.”

तिने पदर खोचला, केस हातानेच मागे सारले, चपला घातल्या. बाहेर नुकतं फटफटत होतं. जिन्याच्या तोंडाशी तिने हात पुढे केला. काकांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तो हात धरला.

“उतरा सावकाश,” ती म्हणाली. “साडेपाचच वाजलेत.”