गिअरबॉक्स गेला एकदाचा

लिफ्टच्या कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणत. मशीनरूमच्या दाराला कान लावून तो बेअरिंग घासतंय की दोर घसरतोय हे सांगायचा आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. बढती मिळून तो सुपरवायझर झाला, हातात पान्याऐवजी देखभालीचे करार आले, पण कान काही स्वस्थ बसेनात. ते आता त्याच्या स्वतःच्या गाडीवर जाऊन बसले होते.

गाडी ऑटोमॅटिक होती. कंपनीची वॉरंटी संपत आली तेव्हा शोरूममधल्या बाईंनी त्याला समोर बसवून समजावलं होतं, "सर, बाकी काही गेलं तर झेपतं. गिअरबॉक्स गेला तर अर्ध्या गाडीचे पैसे जातात." त्याने तिथल्या तिथे वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून घेतली. पैसे एकरकमी भरवत नव्हते, म्हणून हप्ता लावून घेतला. घरी विजेचं बिल यायचं, साधारण तेवढाच.

बायको एका इस्पितळात एक्स-रे काढायची. तिला हे पटलं नव्हतं. "तेवढेच पैसे दरमहा वेगळ्या खात्यात टाका ना. काही बिघडलं तर आहेत, नाही बिघडलं तरी आपलेच आहेत."

"आणि दुसऱ्याच महिन्यात बिघडलं तर?"

"तर मग तुमचं बरोबर," ती म्हणाली आणि विषय सोडून दिला. तिचं हे सोडून देणंच त्याला जास्त टोचायचं.

दुसऱ्या महिन्यात काही बिघडलं नाही. विसाव्यातही नाही. हप्ता गेल्याचा मेसेज फोनवर आला की त्याचा दिवस नासायचा. गाडी झकास चालायची, आणि जितकी झकास चालायची तितका तो कासावीस व्हायचा. शेवटचे तीन महिने राहिले तेव्हा त्याने रेडिओ लावणं बंद केलं. खिडक्या वर, पंखा बंद, घामाने निथळत तो गाडी ऐकत जायचा. शेजारी बायको असली तर तिनेही बोलायचं नाही.

"आत्ता आला ना आवाज?"

"माझ्या पर्सची चेन होती ती."

सर्व्हिस सेंटरला त्याने तीन चकरा मारल्या. टाय लावलेला सल्लागार दर वेळी गाडी फिरवून आणायचा आणि हसतमुखाने सांगायचा, "सर, गाडी ठणठणीत आहे."

"तुम्ही नीट ऐकलंत का? दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हिसका बसतो."

"मला नाही जाणवला, सर. काही झालं तर आणाच."

काही झालं तर! आपण या माणसाला दोन वर्षं पोसतोय आणि हा आपल्याला वाटेला लावतोय, असं त्याला वाटायचं.

गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा धंदाही हाच होता. त्याच आठवड्यात एका इमारतीत करार पुन्हा करायला गेला, तर तिथल्या सेक्रेटरी बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "वर्षभरात लिफ्ट एकदाही बंद पडली नाही. मग तुम्हाला पैसे कशाचे द्यायचे?"

"बंद पडली नाही, त्याचेच," तो सवयीने म्हणाला.

बाई हसल्या आणि सही केली. तो मात्र जिना उतरताना, हो, जिनाच उतरला, स्वतःवरच चिडला. दुसऱ्याला इतक्या सहज पटवता येतं ते आपल्याला का पटत नाही?

एकदा त्याने हे बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्याकडे दिवसाला कितीतरी फोटो नॉर्मल निघतात. लोक सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातात. काहीच निघालं नाही, पैसे परत द्या, असं अजून कुणी म्हणालं नाही."

"माणसाचं वेगळं, यंत्राचं वेगळं."

"यंत्राचं वेगळंच आहे. वेगळं तुमचं काय आहे, ते कळत नाही."

वॉरंटीचा शेवटचा आठवडा चालू होता तेव्हा सासरे त्यांच्याकडे आले. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. उभा जन्म त्यांनी नकाशे काढण्यात घालवला होता, केसाएवढ्या रेषा ओढल्या होत्या. आता एका डोळ्याने सगळं धुरकट दिसायचं आणि दुसऱ्याने नुसताच उजेड. डॉक्टर बाहेरगावाहून दर पंधरवड्याला एकदाच यायचे, त्यामुळे ही तारीख मिळायलाही बरंच थांबावं लागलं होतं. त्या दिवशी बायकोची सकाळची ड्युटी होती.

"बाबांना तुम्ही नेणार ना? मी नाहीतर सुट्टी टाकते."

"मी नेतो की. तू काळजी करू नकोस."

डोळ्यांच्या इस्पितळाला जायला दोन रस्ते होते. एक गावाला वळसा घालून जाणारा, सपाट आणि रुंद. दुसरा टेकडीवरून, दगडाच्या खाणीजवळून, छातीवर येणाऱ्या चढाचा. आणि गाडीच्या डिकीत आदल्या दिवसापासून सहा लोखंडी ठोकळे पडून होते. एका जुन्या लिफ्टला तोल देणाऱ्या वजनातले, एकट्याने उचलताना कंबर धरेल असे. ते गोदामात टाकायचे होते. खरं तर कंपनीचा टेम्पो होता त्यासाठी. 'असू दे, जाता जाता टाकतो,' असं तो कामगारांना म्हणाला होता आणि टाकले नव्हते.

चौकात आल्यावर त्याने टेकडीकडे गाडी वळवली. मुद्दाम वळवली, असं त्याने स्वतःशीही कबूल केलं नाही. वेळ वाचेल, एवढंच तो मनात म्हणाला.

"रस्ता बदललात का, जावईबापू?" सासऱ्यांनी विचारलं. "पाठ मागे टेकतेय म्हणून विचारलं."

"हो बाबा, इकडून गर्दी नसते."

चढावर त्याने पाय दाबला. इंजिन ओरडलं. त्याने आणखी दाबला. खाणीच्या वळणावर खालून लोखंडाचा कण्हल्यासारखा आवाज आला, गाडीला जोरात हिसका बसला, समोर लाल दिवा लागला आणि इंजिन नुसतंच घोंघावत राहिलं. गाडी पुढे जाईना.

"गेला एकदाचा!" तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला.

मग गाडी मागे सरकू लागली. ब्रेक दाबेपर्यंत ती दोन हात मागे गेली होती, आणि मागे दगड भरलेला ट्रक हॉर्न वाजवत उभा होता. सासऱ्यांनी दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"काय झालं? मला नुसतं पांढरं दिसतंय हो! दरी कुठल्या अंगाला आहे? बोला ना कुणीतरी!"

 हँडब्रेक ओढला तरी त्याला ब्रेकवरचा पाय काढवेना. शेवटी ट्रकवाला शिव्या घालत उतरला आणि मागच्या चाकाखाली दोन दगड लावून, ठोकून, वर चार शिव्या देऊन निघून गेला.

त्याने सासऱ्यांना धरून रस्त्याकडेच्या कठड्यावर बसवलं. त्यांचा हात गार पडला होता. त्याने टॅक्सीला फोन केला, सर्व्हिस सेंटरला फोन केला. गाडी ओढून न्यायला माणूस निघालाय, असं कळलं. तेव्हा त्याला डिकी आठवली. तो एकेक ठोकळा उचलून झाडोऱ्याआड टाकू लागला.

"काय टाकताय?" सासऱ्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवून विचारलं.

"काही नाही बाबा. जुनं सामान आहे."

ते इस्पितळात पोचले तेव्हा नंबर जाऊन बराच वेळ झाला होता. शिवाय सासऱ्यांचं ब्लडप्रेशर इतकं चढलं होतं, की नर्सने टेबलावर घ्यायला साफ नकार दिला. "पुढच्या पंधरवड्याला या. आणि आजोबांना शांत ठेवा."

दुसऱ्या दिवशी वॉरंटी कंपनीचा तपासनीस सर्व्हिस सेंटरला आला. "गाडीत जड सामान वगैरे होतं?"

"नाही. मी आणि माझे सासरे."

संध्याकाळी सल्लागाराचा फोन आला. "अभिनंदन, सर! क्लेम मंजूर. अख्खा नवा गिअरबॉक्स बसेल. तुमचे पैसे वसूल!"

त्याने ही बातमी जेवताना जरा जास्तच मोठ्याने सांगितली. बायको म्हणाली, "बरं झालं." सासरे चाचपत पाण्याचा पेला घेत म्हणाले, "जावईबापूंना आधीच समाधान वाटलं होतं. गाडी बंद पडल्या पडल्या म्हणाले, गेला एकदाचा."

बायकोचा हात ताटात थांबला.

 जेवणं झाल्यावर तिने वडिलांना त्यांच्या खोलीत नेऊन बसवलं, त्यांना बातम्या लावून दिल्या आणि दार ओढून घेत ती स्वयंपाकघरात आली.

"कुठल्या रस्त्याने नेलंत?"

"टेकडीच्या."

"का?"

"गर्दी नसते."

"अहो, माझ्याकडे बघून सांगा."

त्याने बघितलं आणि त्याला ते जमलं नाही. त्याने ओट्याकडे बघत सगळं सांगितलं. ठोकळ्यांचं, चढाचं, झाडोऱ्याचं, तपासनिसाला दिलेल्या उत्तराचं. सांगताना त्याचं त्यालाच ते इतकं बावळट वाटत होतं, की मध्येच तो हसला. ती हसली नाही.

"बाबा गाडीत होते," ती म्हणाली. "तुम्हाला पाहायचं होतं तर एकटे जायचं होतंत. पडला असतात, मोडला असतात, मी फोटो काढला असता. पण ज्या माणसाला दिसत नाही त्याला घेऊन?"

"मला वाटलं नव्हतं की गाडी मागे येईल."

"तुम्हाला फक्त ती मोडेल एवढंच वाटत होतं. पुढचं काहीच नाही."

 ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती आत जाऊन वडिलांजवळ बसली आणि त्यांना बातम्यांमधली चित्रं समजावून सांगू लागली.

दोन दिवस त्याने कसेबसे काढले. कामावर कुणी लिफ्टचा आवाज ऐकायला बोलावलं तर नको म्हणाला. तिसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो सर्व्हिस सेंटरला गेला आणि सल्लागाराला बाजूला घेऊन म्हणाला, "मी खोटं बोललो. डिकीत लोखंड होतं. काय लिहायचं ते लिहा."

सल्लागाराने हातातली फाईल मिटली. मग म्हणाला, "या."

आत टेबलावर जुना गिअरबॉक्स उघडून ठेवला होता. तपासनीस तिथेच होता. त्याने ऐकून घेतलं, ठोकळ्यांचं वजन विचारलं आणि एक चकती उचलून त्याच्या हातात दिली. तिची कड झिजून काळी पडली होती.

"हे एका दिवसाचं काम नाही. कित्येक महिन्यांचं आहे. तुमचं लोखंड नसतं तरी हा गेलाच असता. आज नाही तर दोन महिन्यांनी."

"म्हणजे वॉरंटी संपल्यावर?"

"बहुतेक. तुम्ही सांगितलंत ते मी लिहून ठेवतो, पण क्लेमला त्याने फरक पडत नाही." तपासनिसाने चकती परत घेतली. "हिसका बसतो म्हणून तक्रार होती ना तुमची? खरी होती."

सल्लागाराने टाय सारखा केला आणि दुसरीकडे पाहिलं.

इतके दिवस त्याला हेच ऐकायचं होतं. आपण म्हणत होतो ते बरोबर निघालं, पैसे सार्थकी लागले, उलट कित्येक पटींनी परत आले. बाहेर येऊन तो बसथांब्यावर उभा राहिला, एक बस सोडली, दुसरीही सोडली, आणि मग पायीच घराकडे निघाला.

"म्हणजे तुम्ही बरोबर होतात," सगळं ऐकल्यावर बायको म्हणाली.

"हो."

"मग असं तोंड का झालंय?"

"सपाट रस्त्याने गेलो असतो तरी मी बरोबरच होतो. तक्रार लावून धरायची होती, गाडी उघडून बघा म्हणायचं होतं. ते सोडून मी..." तो थांबला. "बाबांना मी सांगू का?"

"त्यांना काय माहीत नाही असं वाटतंय तुम्हाला?" ती म्हणाली. "पण सांगा. तुमच्या तोंडून ऐकू दे त्यांना."

त्याने सांगितलं. सासऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी घाबरलो होतो हो फार." एवढंच. त्याला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

पंधरवड्याने ऑपरेशन झालं. ते टॅक्सीने, सपाट रस्त्याने गेले. पट्टी सोडल्यावर सासऱ्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग त्याच्याकडे.

"जावईबापू, तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले? मला कुणी सांगितलंच नाही."

सगळे हसले. तोही हसला, आणि हसताना त्याने पटकन तोंड फिरवलं.

गाडी परत आली तेव्हा बायकोने किल्ली स्वतःकडे घेतली आणि थोडे दिवस मी चालवते म्हणाली. वॉरंटी आणखी वाढवायची का, म्हणून शोरूममधून फोन आला, तर त्याने फोन तिच्या हातात दिला. तिने नको म्हटलं आणि त्याच दिवशी बँकेत जाऊन वेगळं खातं उघडलं.

रविवारी ते सासऱ्यांना त्यांच्या घरी सोडायला निघाले. तो बायकोच्या शेजारी बसला होता आणि प्रत्येक वळणावर रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. मागे सासरे नव्या डोळ्याने रस्त्यावरची एकेक पाटी मोठ्याने वाचत होते. "दातांचा दवाखाना. टायर मिळतील. जागा भाड्याने देणे आहे, चौकशी आत करावी."

"बाबा, घर येईपर्यंत दमाल," बायको म्हणाली.

"दमू दे," ते म्हणाले आणि पुढची पाटी वाचायला काच खाली केली.