घड्याळवाले आजोबा

दरवर्षी परीक्षेच्या आधी माझ्या टेबलावर प्रकल्पांच्या फाइलींचा ढीग पडतो आणि दरवर्षी मी स्वतःला बजावते की यंदा चिडायचं नाही. हा निश्चय दुसऱ्या-तिसऱ्या फाइलीपर्यंत टिकतो.

मी कॉलेजात साहित्यही शिकवते आणि इतिहासही, कारण दुसरा माणूस नेमायची कोणाची तयारी नाही. प्रकल्पाचा विषय मुलांनी स्वतः निवडायचा असतो. आणि निवडायची मोकळीक मिळाली की ही कार्टी शोधून शोधून तेच ते विषय आणतात. युद्धाची कारणे. बालमजुरी. समाजातील स्त्रीचे स्थान. यंत्रयुग आणि माणसाचा एकटेपणा. स्त्रीच्या स्थानावर लिहिणारा मुलगा सगळी चित्रं आईकडून चिकटवून आणतो, आणि एकटेपणावर चौघं मित्र मिळून लिहितात. शेवट सगळ्यांचा एकच: 'अशा प्रकारे या विषयावर आपण सर्वांनी विचार करण्याची गरज आहे.' अरे बाबांनो, मग करा की. कोणी धरून ठेवलंय तुम्हाला?

या सगळ्यांत माझा लाडका विषय म्हणजे विस्थापन. घरदार सोडून जावं लागलेली माणसं. त्यासाठी मी एक नियम केला होता, की घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्यायचीच. माझा हिशेब सरळ होता. पुस्तकातला उतारा चोरता येतो, पण आजोबा कसे चोरणार? ज्याचे त्याचे आजोबा वेगळे.

किती भाबडी होते मी. कॉलेजच्या फाटकासमोर एक झेरॉक्सवाला बसतो. जुन्या मुलांच्या फाइली तो जपून ठेवतो आणि नव्या मुलांना त्यांच्या प्रती काढून देतो. त्याच्या कृपेने अख्ख्या कॉलेजला एकच आजोबा मिळाले.

हे आजोबा मला आता तोंडपाठ आहेत. नदीवर धरण झालं, गाव पाण्यात जाणार म्हणून सगळे निघाले. आजोबा तेव्हा तरुण. अर्ध्या वाटेवरून ते एकटेच मागे फिरले, छातीभर पाण्यातून घरी गेले, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि डोक्यावर धरून परत आले. 'आणि ते घड्याळ आजही आमच्या भिंतीवर टिकटिक करत आहे.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच रडू आलं होतं. त्या मुलाला मी भरभरून मार्क दिले. पुढच्या वर्षी हेच आजोबा दुसऱ्या मुलीच्या फाइलीत निघाले. मग ते कुठे जायचं नावच घेईनात. हुशार मुलं घड्याळाच्या जागी रेडिओ घालायची, कोणी शिवणयंत्र घालायचं. एका महाभागाने तर शेळी घातली आणि शेवटची ओळ बदलायला विसरला, त्यामुळे त्यांच्या घरी ती शेळी आजही भिंतीवर टिकटिक करत आहे. स्टाफरूममध्ये तर माझ्या तोंडावर विचारायचे, काय मॅडम, यंदा किती वाजले?

म्हणून यंदा मी पहिल्याच तासाला सांगून टाकलं. ज्याच्या फाइलीत घड्याळ, त्याला शून्य. आणि प्रकल्पात शून्य म्हणजे काय ते मुलांना पक्कं माहीत असतं. वार्षिक परीक्षेला बसताच येत नाही, वर्ष फुकट जातं.

एवढं कानीकपाळी ओरडून सांगितल्यावर मी खिडकीवालीची फाइल उघडली. ही मुलगी वर्षभर खिडकीजवळच्या बाकावर बसते, प्रश्न विचारला की उठून उभी राहते आणि ऐकू येणार नाही अशा आवाजात बरोबर उत्तर देते. तिच्याकडून मला जरा आशा होती. पहिलं पान, पहिली ओळ: 'पाणी छातीपर्यंत आलं होतं आणि आजोबांच्या डोक्यावर घड्याळ होतं.'

तळपायाची आग मस्तकात गेली. फाइल मिटली, तांबडं पेन घेतलं आणि मुखपृष्ठावर आडवं, हातभर मोठं लिहिलं: 'नक्कल'. लिहिताना कागद फाटला थोडा. मग तशीच उठून फाइल मोठ्या सरांच्या, म्हणजे आमच्या प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन आपटली.

दुसऱ्या दिवशी ती आली. बाकीची मुलं अशा वेळी रडतात, आजारपणाचे पाढे वाचतात. ही रडली नाही. म्हणाली, मॅडम, ते माझेच आजोबा आहेत. मी म्हटलं, सगळे तेच म्हणतात. ती म्हणाली, हो, पण माझे खरंच आहेत. सगळ्यांत आधी ज्याने लिहिलं तो माझा आतेभाऊ, त्याचीच फाइल झेरॉक्सवाल्याकडे गेली. मी म्हटलं, वा, म्हणजे चोरी घरातच केली. यावर तिच्या त्या बारीक आवाजात तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही पुढचं वाचलंत का?"

मला विचारते. इतकी वर्षं या फाइली वाचून माझ्या डोळ्यांचं भजं झालंय आणि ही मला वाचायला शिकवणार. मी तिला दाराकडे बोट दाखवलं.

पण मोठे सर पडले भित्रे. मुलगी म्हणते आजोबा तिचेच, उद्या तिच्या घरचे भांडायला आले तर? परीक्षेची यादी उद्या जायची आहे, तिचं नाव घालायचं की गाळायचं ते तुम्हीच आज तिच्या घरी जाऊन ठरवा, असं म्हणून त्यांनी फाइल माझ्या हातात ठेवली आणि स्वतः जेवायला निघून गेले. नेहमीचंच आहे. निस्तरायची वेळ आली की सगळ्यांना माझी आठवण येते. पण खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. तिला रंगेहाथ पकडायची होती. फाइल पर्समध्ये कोंबली आणि दुपारी कॉलेज सुटल्यावर तिच्या मागोमाग निघाले.

घराच्या दारात ती थांबली. "आजोबांना शेऱ्याचं सांगू नका," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलंय की मॅडम वाचतायत."

मी काहीच कबूल केलं नाही. कशाला करू?

पुढे इस्त्रीचं दुकान आणि मागे दोन खोल्या, असं ते घर. दुकानात तिची आई दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करत होती. एका बाजूला चुरगळलेल्या चादरींचा डोंगर, दुसरीकडे घड्या. मला बघून ती गडबडली, इस्त्री उभी करून पदराला हात पुसले. मुलीने तिला काहीतरी हळूच सांगितलं आणि मला आत नेलं. आतल्या खोलीत वाफेचा ओलसर वास भरला होता. खाटेवर आजोबा बसले होते. हाडापेराने मोठा माणूस, आता वाळलेला, पण हात अजून फावड्यासारखे. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर चारही भिंतींवर नजर फिरवली. एक आरसा, एक कॅलेंडर, एक खुंटी आणि तिच्यावर पिशवी. घड्याळाचा पत्ता नाही.

सापडली, असं मला मनातून वाटलं. लाज वाटते सांगायला, पण आनंद झाला.

"आजोबा, तुमचं ते घड्याळ कुठे आहे?" मी गोड आवाजात विचारलं.

ते माझ्याकडे नवलाने बघायला लागले. "घड्याळ नव्हतंच, बाई," ते म्हणाले. "तेच तर सांगितलंय तिला. तुम्ही वाचलंत ना?"

मुलगी खाली मान घालून फरशीकडे बघत होती. मी काहीतरी गुळमुळीत बोलले, तपासणी चालू आहे, बरंच काम आहे वगैरे. पण आजोबा पुढे सरकून बसले होते. त्यांनी बरेच दिवस या भेटीची वाट पाहिली असावी. इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, ते म्हणाले, मुलालासुद्धा नाही. ही पोरगी रोज संध्याकाळी येऊन बसायची, काही न विचारता बसायची, म्हणून एक दिवस निघालं तोंडातून. मग तिने विचारलं लिहू का, तर मी म्हटलं लिही, शिकलेलं माणूस काय म्हणतं ते तरी कळेल.

"मग," त्यांनी विचारलं, "काय वाटलं तुम्हाला?"

मी पर्स पोटाशी धरली. त्यातून फाइलीचं टोक बाहेर आलेलं होतं, तेवढ्यावरून त्यांनी ओळखली. तो भलामोठा हात पुढे आला. आता वयाने मोठा माणूस हात पुढे करतो तेव्हा नाही कसं म्हणायचं? मी दिली. मुखपृष्ठ वर होतं. चष्म्याची गरजच पडली नाही, मी अक्षर तेवढं मोठं काढलं होतं.

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग रागाने नाही, समजूत काढावी तसं नातीला म्हणाले, "तुला म्हटलं होतं ना, घड्याळच राहू दे. लोकांना घड्याळ आवडतं."

आयुष्यात मला अनेकांनी नाही नाही ते ऐकवलंय. मोठ्या सरांनी, पालकांनी, माझ्या स्वतःच्या नवऱ्याने. पण एवढं कोणाचं लागलं नव्हतं. मी सरळ सांगून टाकलं की आजोबा, मी वाचलेलं नाही. पहिल्या ओळीत घड्याळ दिसलं आणि मी फाइल मिटली. तिची काही चूक नाही.

त्यांनी फाइल परत दिली आणि म्हणाले, मग आता वाचा. मुलीने स्टूल आणून ठेवलं. मी बसले आणि त्या माणसाच्या समोर, त्याच्या डोळ्यांदेखत, पहिल्या ओळीच्या पुढे गेले.

'हे सगळं तुम्ही आधी वाचलं असेल,' तिने लिहिलं होतं. 'माझ्या आतेभावाने विचारलं तेव्हा आजोबांनी त्याला असंच सांगितलं होतं. ते खरं नाही. गाव सोडून सगळे निघाले त्या दिवशी आजोबा गावात नव्हते. ते धरणाच्या भिंतीवर कामाला होते. गावात काम उरलं नव्हतं आणि भिंतीवर रोजची मजुरी मिळायची. घरी ते खडी फोडायला जातो असं सांगत. आजोबांची आई त्याच मजुरीतून चूल पेटवायची आणि भिंत बांधणाऱ्यांचं वाटोळं होवो म्हणायची.

'पाणी चढलं त्या दिवशी साहेबांनी सगळ्या मजुरांना मिठाई वाटली. भिंतीवरून आजोबांना आपल्या घराचं छप्पर दिसत होतं. ते बुडेपर्यंत ते बघत उभे होते. मी विचारलं, मिठाईचं काय केलंत? ते म्हणाले, खाल्ली. भूक लागली होती.

'नंतर सगळे या गावात आले. आजोबांची आई मरेपर्यंत भिंत बांधणाऱ्यांना शिव्या देत होती. शेवटी शेवटी तिला उठवत नव्हतं. शिव्या देऊन तिचा घसा कोरडा पडायचा, मग आजोबा तिला पाणी पाजायचे.'

खाली उपसंहार नव्हता. सर्वांनी विचार करण्याची गरज वगैरे काही नाही. संपलं तिथे संपलं होतं.

मी मान वर केली तेव्हा ते माझ्या चेहऱ्याकडेच बघत होते. दरवर्षी मी फळ्यावर मधोमध रेघ मारते. इकडे ज्यांनी केलं ते, तिकडे ज्यांनी भोगलं ते, आणि मुलं ते निमूट उतरवून घेतात. या माणसाला कुठल्या बाजूला लिहायचं ते मला सांगता येईना. मी पर्समधून तांबडं पेन काढलं आणि मुखपृष्ठावरचा तो शब्द खोडला. इतका मोठा लिहिलेला शब्द खोडायलाही वेळ लागतो. तिथे आता काय लिहू, असं मी त्यांनाच विचारलं.

"वाचलं म्हणून लिहा," ते म्हणाले.

मी 'वाचलं' एवढंच लिहिलं आणि खाली सही केली. त्यांनी फाइल जवळ घेऊन ते पाहिलं आणि मान हलवली. मुलगी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती, ती आता कुठे खाली बसली. मी तिला सांगितलं, उद्या यादीत तुझं नाव जाईल, अभ्यासाला लाग. मोठ्या सरांना काय सांगायचं ते मी बघेन, त्यांना मी पुरून उरते.

निघताना दारापर्यंत आले तोच आजोबांनी हाक मारली. मी वळले.

"बाई, ही फाइल त्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊ देऊ नका," ते म्हणाले. "घड्याळ कोणालाही घेऊ द्या. हे एवढं माझं राहू द्या."

मी फाइल पर्समध्ये नीट आत घातली आणि चेन पूर्ण ओढून घेतली.