उसनं पोर

मेंढा अंगणात बांधून झाला होता, आमंत्रणं खालच्या वस्तीपर्यंत पोचली होती, कर्जाली शहरातल्या डॉक्टरला शुक्रवारी यायला सांगितलं होतं. नातवाच्या आईबापाला सांगणं तेवढं राहिलं होतं. पण त्यात सांगायचं काय, असं हायरियेचं मत. पोरगा जन्माला आला की नाव ठेवायचं, सुंता करायची, गावाला जेवू घालायचं. तंबाखूला पाणी घालताना कुणी तंबाखूला विचारतं का?

मुलगा रेम्झी बायकोपोराला घेऊन जर्मनीहून आला तो भर दुपारी. सून इव्हेलिना बल्गेरियन, ख्रिस्त्यांची; हायरियेचं घर तुर्क मुसलमानांचं. हायरियेने तिला पोटभर वाढलं आणि पोटभर टोचलंही.

"खा गं, खा. तुझ्यापेक्षा माझ्या मेंढ्याच्या अंगावर जास्त मांस आहे."

इव्हेलिना हसून भांडी विसळायला गेली. नातू देनिझ आजीच्या मांडीवर हातपाय नाचवत होता. हायरियेच्या मनात एक किडा वळवळत होता. तिकडच्या दवाखान्यात उरकून तर नाही आले गुपचूप? तिने त्याच्या डायपरची पट्टी ओढली. मेली ती पट्टी, चर्रकन वाजली.

"झालं बघून?" रेम्झी दारात उभा होता.

"माझा नातू आहे. बघीन नाहीतर काय करीन?"

"मग काय दिसलं?"

"देवाने पाठवला तसाच आहे. शुक्रवारी करून टाकू."

"नाही करायची."

हायरियेने स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि आवाज चढवला. "कळलं कुणी शिकवलं ते! आम्ही सरकारला भ्यालो नाही, आणि हा बायकोच्या परकराला भितोय!"

इव्हेलिना ओल्या हातांनीच बाहेर आली. "आई, मी याला हो म्हटलं होतं. तुमची रीत आहे, करा म्हटलं. हाच नको म्हणतो."

हायरियेने ठेवणीतली गोष्ट बाहेर काढली. गावात ती कुणी ऐकली नाही असं नव्हतं. रेम्झी जन्मला त्या हिवाळ्यात बल्गेरियन सरकारने सगळ्या तुर्कांची नावं बदलून ख्रिस्ती ठेवली होती. कागदावर हायरियेची हरिस्तिना झाली. पोराची सुंता करील तो तुरुंगात जाणार होता. नवऱ्याने हात टेकले, पण हायरियेने म्हाताऱ्या न्हाव्याला तंबाखूच्या कोठारात आणून काम उरकलं. पुढे तपासणीला नर्स आली, तेव्हा शेजारच्या नाझमियेचं न कापलेलं पोर उसनं आणून पुढे धरलं. नर्स बघून गेली, शिक्का बसला! प्रत्येक लग्नात हायरिये ही गोष्ट सांगायची आणि बायका पोट धरधरून हसायच्या.

"सरकारला मी बनवलं, रेम्झी. तुझ्यासाठी!"

"आणि मला ताप चढला तेव्हा?"

हायरिये डायपरची पट्टी पुन्हा चिकटवू लागली.

"जखम पिकली होती. मग डॉक्टरकडे का नाही नेलंस?"

"नेलं असतं तर मला आत टाकलं असतं. लोणी आणि राख लावली. जगलास ना?"

"जगलो. लग्नाआधी तिकडे दोनदा ऑपरेशन करून घेतलं तेव्हा कुठे माणसासारखा लघवीला जाऊ लागलो. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर पुढच्या लग्नात तेही वाटलं असतंस, हलव्यासारखं."

"या वेळी चांगला डॉक्टर आणलाय रे. दवाखान्यातला."

"डॉक्टरचं नाही गं. तेव्हा सरकार माझा लंगोट उघडून बघायला आलं होतं. आज तू माझ्या पोराचा उघडलास. विचारलं सरकारनेही नाही, तूही नाहीस." त्याने देनिझला उचललं. "शुक्रवारी डॉक्टर आला तर आम्ही निघालो. परत येणार नाही."

तिने डॉक्टरला निरोप धाडला. मेंढ्याला निरोप धाडता येत नव्हता.

शुक्रवारी गाव जेवायला बसलं. हायरिये हातात पळी घेऊन ताठ उभी. ज्याने विचारलं त्याला एकच उत्तर. "तिकडेच झाली. मोठ्या दवाखान्यात. रडलासुद्धा नाही."

नाझमियेला तेवढ्यावर समाधान कुठलं! ती गुडघे धरत पाळण्यापाशी गेली. "बघू तरी जर्मन लोकांचा हात कसा आहे ते. लाजतेस काय गं? माझं पोर मी तुला थंडीत उघडं करून दिलं होतं!"

तिची बोटं डायपरच्या पट्टीला लागली आणि हायरियेची पळी खाडकन तिच्या मनगटावर बसली. गरम रस्सा बाहीवर सांडला. अंगणात सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"माझ्या नातवाला हात लावायचा नाही," हायरिये म्हणाली.

नाझमिये मनगट चोळत तिच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांपासूनची शेजारीण ती, खोटं तिला वासावरून कळायचं. "अस्सं," ती म्हणाली. डोक्याचा रुमाल नीट केला आणि भरलं ताट तसंच ठेवून फाटकाबाहेर पडली. तिच्यामागे आणखी दोघी उठल्या.

रेम्झी पाळण्यापाशी आला. काहीतरी बोलणार होता.

"जेव मुकाट्याने," हायरियेने त्याच्याकडे न बघता त्याच्या ताटात मांस टाकलं. "तुझ्या मुलापायी आज माझी मैत्रीण गेली. चावून खा."